मुंगीसोबती भुंगेरे

मुंग्यांच्या घरात राहून त्यांच्या अन्नावर, पिलांवर किंवा उष्ट्याखरकट्यावर जगणारे भुंगेरे. हे एकच कुल नव्हे. स्टॅफिलिनिडी, कॅराबिडी, हिस्टेरिडी अशा निरनिराळ्या कुलांत ही सवय स्वतंत्रपणे, पुन्हापुन्हा उपजली. म्हणून त्यांचे वर्गीकरण दोन अंगांनी करतात: मुंग्यांशी असलेल्या नात्यावरून आणि वंशावरून. ही दोन अंगे वेगळी ठेवली नाहीत, तर घोटाळा होतो.

नात्यावरची मांडणी एरिख वासमान या जेझुइट कीटकशास्त्रज्ञाने 1894 मध्ये रूढ केली: मुंग्या ज्यांच्यावर हल्ला करतात ते, ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतात ते, आणि ज्यांना चाटतात-भरवतात ते ‘खरे पाहुणे’. ही मांडणी सोयीची आहे, पण सैल आहे. युरोपातील लोमेचुसा प्युबिकॉलिस या भुंगेऱ्याच्या अळ्यांना फॉर्मिका मुंग्या आपल्या पिलांसारखे भरवतात आणि त्या अळ्या मुंग्यांचीच पिले खातात. प्रौढ भुंगेरा हिवाळ्यापुरता मिर्मिका मुंग्यांकडे बिऱ्हाड हलवतो. अशा पाहुण्याला शत्रूंतही घालता येईल.

वंशावरच्या वर्गीकरणाची खरी अडचण म्हणजे मुंग्यांच्या सहवासाने बदललेले रूप. लिनीयसने 1775 मध्ये पॉसस या प्रजातीचे वर्णन केले. तिच्या शृंगिकेची बहुतेक कांडी जुळून एकच फुगीर तुकडा बनलेला असतो. या विलक्षण शृंगिकांमुळे पॉससचे दीर्घकाळ वेगळे कुल मानले गेले. आता ते कॅराबिडीतील पॉसिनी हे उपकुल ठरले आहे. क्लॅव्हिजर आणि त्याचे भाऊबंद स्टॅफिलिनिडीतील सेलाफिनी उपकुलात मोडतात. क्लॅव्हिजर टेस्टॅशियस या आंधळ्या भुंगेऱ्याला मुंग्या तोंडातून अन्न देतात. त्याच्याही शृंगिकांची कांडी कमी झाली आहेत आणि मुंग्या चाटतात ते पिवळसर केसांचे झुपके त्याच्याही अंगावर आहेत. पॉसस आणि क्लॅव्हिजर यांचे पूर्वज मात्र फार दूरचे. त्यामुळे शृंगिका आणि झुपके यांवरून कुल ठरवू नये. त्यासाठी अळ्यांची रचना, ग्रंथी व डीएनए पाहावेत.

क्लॅव्हिजरच्या गटाचे रूप टप्प्याटप्प्याने कसे बदलले, याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा भारतातला आहे. जोसेफ पार्कर व डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी 2014 मध्ये गुजरातच्या सुमारे 5.2 कोटी वर्षे जुन्या अंबरातून (अश्मीभूत राळेतून) प्रोटोक्लॅव्हिजर या प्रजातीची नोंद केली. तिच्या अंगावर झुपके आहेत, पण आजच्या जातींत एकसंध ढालीसारखी जुळलेली उदराची पाठपटले तिच्यात अद्याप सुटी आहेत.