अभ्यासक्रम आणि कार्यशाळा : महाराष्ट्रातील शालेय व्यवसाय शिक्षणाची फेररचना

महाराष्ट्रातील शालेय व्यवसाय शिक्षणाचा, म्हणजे सामान्य शाळेत राहूनच विद्यार्थ्याला एखाद्या हुन्नराचे वा धंद्याचे पद्धतशीर ज्ञान देणाऱ्या शिक्षणाचा, इतिहास हा मुख्यतः अभ्यासक्रमांच्या फेररचनेचा इतिहास आहे. ठरावीक काळाने एखादा आयोग नेमला गेला, विषयांची नावे बदलली, प्रात्यक्षिकांच्या तासिका वाढल्या किंवा घटल्या आणि नव्या अभ्यासक्रमाची पुस्तिका शाळांच्या हाती पडली. या फेररचनांचे अहवाल एकापुढे एक ठेवून वाचले असता असे दिसते की, काय शिकवावे या प्रश्नाचा विचार प्रत्येक पिढीने मनापासून केला. मात्र ते कोणी शिकवावे, कोणत्या साधनांनी शिकवावे आणि शिकून झाल्यावर विद्यार्थ्याने पुढे कोठे जावे हे प्रश्न बहुतेक वेळा पुस्तिकेच्या बाहेर राहिले, आणि अभ्यासक्रमाचे भवितव्य त्यांनीच ठरवले.

या चर्चेची एक ठळक सुरुवात १८८२ मध्ये सापडते. त्या वर्षी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळांतील क्रमिक पुस्तके व्यवहारोपयोगी नाहीत, त्यांची नव्याने रचना झाली पाहिजे, शेती, आरोग्य आणि उपयुक्त कला यांचे धडे त्यांत क्रमाक्रमाने यावेत, अशी मागणी होती. तिच्या जोडीला गावच्या शाळेला प्रात्यक्षिकासाठी लहानसे नमुना-शेत असावे असेही त्यांनी सुचवले होते. पुस्तकातील बदल आणि तो अमलात आणण्याचे साधन या दोन्हींची मागणी एकाच निवेदनात करणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती, आणि पुढील दीडशे वर्षांचा अनुभव पाहता तिचे मोल अधिकच जाणवते. हंटर आयोगाने, ज्याचे काशिनाथ त्रिंबक तेलंग हेही एक सदस्य होते, माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात अशी शिफारस केली : एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाकडे वळणाऱ्या मुलांसाठी व्यावहारिक स्वरूपाची. ही दुसरी शाखा देशात कोठेच फारशी रुजली नाही, कारण सरकारी नोकरी आणि प्रतिष्ठा या दोन्हींचा रस्ता पहिल्या शाखेतून जात होता.

तंत्रशिक्षणाचे खरे काम त्यामुळे शाळेबाहेरच्या संस्थांत उभे राहिले. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तर बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. या संस्थांनी उत्तम कारागीर आणि तंत्रज्ञ घडवले खरे, पण हुन्नर शिकायचा तर शाळा सोडून अन्यत्र जायचे, ही समजूतही त्यांच्यामुळे पक्की झाली.

१९३७ या एका वर्षात शालेय अभ्यासक्रम आणि हस्तव्यवसाय यांच्या नात्याविषयी दोन अगदी भिन्न भूमिका मांडल्या गेल्या. अ‍ॅबट आणि वुड या दोन ब्रिटिश तज्ज्ञांच्या अहवालाने व्यावसायिक शिक्षण हे उद्योगांच्या गरजेनुसार, सामान्य शिक्षणाच्या बरोबरीने पण स्वतंत्र संस्थांतून द्यावे असे सुचवले. पुढे उभ्या राहिलेल्या तंत्रनिकेतनांची आणि तांत्रिक विद्यालयांची वैचारिक बैठक तीच. त्याच वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी याच्या उलट दिशेचा विचार मांडला : हस्तव्यवसाय हा एक जादा विषय नसून तोच सर्व शिक्षणाचे माध्यम व्हावा. झाकीर हुसेन समितीने या विचाराला तपशीलवार अभ्यासक्रमाचे रूप दिले. त्यात सूतकताईसारख्या उद्योगात मुलाने कोणत्या इयत्तेत किती वेळात किती सूत काढावे आणि ते किती नंबरचे असावे, याची मोजमापे सहामाहीनुसार ठरवलेली होती. गणित, भूगोल, इतिहास हे विषय त्या उद्योगाच्या ओघात शिकवायचे होते. या जोडणीला समवाय पद्धती म्हटले गेले. विद्यार्थ्याला काय येते हे प्रत्यक्ष कामाच्या मापाने ठरवण्याचा या देशातील शालेय अभ्यासक्रमाचा हा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न होता. सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाने तो निष्ठेने चालवला आणि बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात त्याला चालना दिली. तथापि समवाय साधणारा शिक्षक घडवणे हे काम अभ्यासक्रम छापण्यापेक्षा फार कठीण होते. ज्या शाळांना तसा शिक्षक मिळाला नाही तेथे टकळी उरली आणि तिच्याभोवतीचे शिक्षण विरून गेले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून काढून माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाकडे देण्यात आली आणि १९४९ मध्ये पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. विद्यापीठाच्या गरजांपलीकडे जाऊन विषय ठरवण्याची मुभा यामुळे प्रथमच मिळाली. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बहूद्देशीय शाळांची कल्पना मांडून मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट सुचवले. महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे तांत्रिक विद्यालये आणि तांत्रिक शाळा केंद्रे, ज्यांना विद्यार्थी आणि पालक सरळ ‘टेक्निकल’ म्हणत आले. आपापल्या शाळेत भाषा-गणित शिकणारी मुले ठरलेल्या वेळी या केंद्रावर येत आणि सुतारकाम, जोडारीकाम, विजेचे काम, यांत्रिक आरेखन शिकत. एकेका शाळेला न परवडणारी कार्यशाळा अनेक शाळांनी मिळून वापरायची, ही यातील व्यवस्था साधी होती. आठवी ते दहावीच्या वयात कानस आणि व्हर्निअर कॅलिपर हाती आलेल्या मुलांपैकी अनेकजण पुढे पदविकेकडे आणि कारखान्यांकडे वळले. अभ्यासक्रमाच्या आधी कार्यशाळा उभी होती, हे या केंद्रांच्या टिकून राहण्याचे मोठे कारण होय.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) व्यवसाय शिक्षणाला राष्ट्रीय विकासाशी जोडले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागातील. गारगोटीच्या ग्रामीण शिक्षणकार्यात त्यांनी आधी हात घातलेला होता. आयोगाने सर्वांसाठी कार्यानुभव हा विषय सुचवला आणि १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे व्यवसाय अभ्यासक्रमांत असावेत असे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आला, १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी हा नवा टप्पा निर्माण झाला. १९७८–७९ पासून या टप्प्यावर द्विलक्षी अभ्यासक्रम सुरू झाले. द्विलक्षी म्हणजे एकीकडे उच्च शिक्षणाची आणि दुसरीकडे व्यवसायाची तयारी करणारा. विद्यार्थी एक भाषा व एक ऐच्छिक विषय सोडून त्याऐवजी २०० गुणांचा व्यवसाय विषय घेतो. विद्युत देखभाल, यांत्रिक देखभाल, इलेक्ट्रॉनिक्स, बँकिंग, दुग्धव्यवसाय, पीकशास्त्र, मत्स्यप्रक्रिया असे विषय त्यात होते. पुढे शहरांतील कनिष्ठ महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र या विषयांना जी मागणी आली, ती मुख्यतः अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांची होती. व्यवसाय विषय लोकप्रिय झाला तो पदवीचा दरवाजा उघडा ठेवल्यामुळे, आणि ही गोष्ट नंतरच्या योजनाकारांनी अधिक गंभीरपणे विचारात घ्यायला हवी होती.

१९८४ मध्ये राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय स्वतंत्रपणे स्थापन झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेत यावेत असे ठरवले. कोठारी आयोगाच्या निम्म्याच्या उद्दिष्टावरून ही मोठी माघार होती, आणि या मुदतीही पुढे ढकलाव्या लागल्या. केंद्राच्या १९८८ च्या योजनेतून महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजेच सर्वत्र ‘एमसीव्हीसी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे अभ्यासक्रम, १९८८–८९ पासून सुरू झाले. द्विलक्षीत व्यवसाय हा एक विषय होता. येथे तो संपूर्ण शाखाच झाला. भाषा आणि उद्योजकता-पर्यावरण यांचा परिचय करून देणारा सामान्य पायाभूत विषय सोडला तर उरलेला सारा वेळ व्यवसायाला आणि त्यातही प्रात्यक्षिकाला दिलेला होता, शिवाय प्रत्यक्ष आस्थापनेत जाऊन काम शिकणे बंधनकारक होते. १९८६ मध्येच शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती होऊन या विद्यार्थ्यांसाठी उमेदवारीची स्वतंत्र वर्गवारी करण्यात आली आणि तांत्रिक गटातून उत्तीर्ण होणाऱ्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट मिळाली. आराखडा म्हणून ही योजना आधीच्या कोणत्याही योजनेपेक्षा परिपूर्ण होती.

तिची दुखणी अभ्यासक्रम जुना होण्याच्या वेगात होती. रेडिओ व दूरचित्रवाणी संचांची दुरुस्ती हा विषय आखला गेला तेव्हा गावोगावी दुरुस्तीची दुकाने चालत होती. एकात्मिक परिपथांनी आणि स्वस्त नव्या संचांनी ती दुकानेच बंद पाडली. फेररचनेत या विषयाची जागा इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञान या व्यापक विषयाने घेतली आणि पाळणाघर व पूर्वप्राथमिक शाळा व्यवस्थापनाच्या जागी बालक, वृद्ध व आरोग्य सेवा असा विषय आला. बदलत्या समाजाची दखल या नावांत नक्कीच आहे. परंतु ज्या प्रयोगशाळेत जुन्याच संचांची सांगाडेवजा खोकी पडून राहिली, तेथे नाव बदलल्याने विद्यार्थ्याच्या हाती नवे काही आले नाही.

याच काळात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून आलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार केला आणि राज्य मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. त्याचे चार भाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. आठवड्यातील एक दिवस या विषयासाठी राखलेला असे. त्या दिवशी मुले मातीची तपासणी करत, फेरोसिमेंटच्या वस्तू ओतत, समतल फलकावर जमिनीचा नकाशा काढत, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब ठेवत, रक्तातील हिमोग्लोबिन मोजत. एकाच मुलाने हे सारे शिकावे यामागे कलबागांचा ठाम विचार होता : खेड्यात एका कसबावर पोट भरत नाही, आणि बुद्धीची वाढ हातांनी केलेल्या विविध कामांतून होते. शिकवणारे बहुधा गावातलेच कसबी लोक असत आणि गावाला लागणारी कामे सशुल्क करून दिली जात, त्यामुळे कच्च्या मालाचा खर्च काही अंशी निघे आणि मुलांच्या कामाला खऱ्या ग्राहकाची कसोटी लागे. शिक्षक, साधने आणि गावाची गरज यांचा विचार येथे अभ्यासक्रमाबरोबरच झाला होता. राज्यातील अनेक शाळांत हा विषय पोहोचला, आणि पुढे राष्ट्रीय चौकटीतील बहुकौशल्य अभ्यासक्रमाच्या रूपानेही तो चालू राहिला.

ही राष्ट्रीय चौकट म्हणजे २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा. त्याने अभ्यासक्रम लिहिण्याची रीतच बदलली. पूर्वी पुस्तिकेत प्रकरणे आणि तासिका असत. आता आधी एखाद्या कामाची भूमिका ठरते, उदाहरणार्थ वाहन सेवा तंत्रज्ञ, मग त्या भूमिकेतील माणसाला काय करता आले पाहिजे, ते किती अचूक आणि त्यासाठी काय ठाऊक असले पाहिजे, याची राष्ट्रीय व्यवसाय मानके लिहिली जातात. ही मानके त्या त्या उद्योगाच्या क्षेत्र कौशल्य परिषदा ठरवतात आणि शालेय पाठ्यक्रम त्यांवरून तयार होतो. या कामात भोपाळच्या केंद्रीय व्यवसाय शिक्षण संस्थेचा मोठा वाटा आहे. मूळ आराखड्यात दहा स्तर होते आणि नववी ते बारावीचे वर्ग पहिल्या चार स्तरांशी जोडलेले होते. काय शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार अशा रीतीने शिक्षणखात्याकडून बऱ्याच अंशी उद्योगांकडे सरकला. कालबाह्यतेवर हा उपाय योग्यच होता. पण राष्ट्रीय पातळीवरील परिषद जे काम पाहते ते बहुधा मोठ्या शहरातील संघटित आस्थापनेतले असते, आणि पाबळसारख्या गावातील एकाच वेळी चार कामे करणारा तरुण त्या भूमिकांच्या यादीत सहज सापडत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाल्याचा अंदाज नोंदवला, तर दक्षिण कोरियात हेच प्रमाण ९६ टक्के असल्याचे सांगितले, आणि २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडावा असे उद्दिष्ट ठेवले. निम्मे हा आकडा कोठारी आयोगाचाही होता, परंतु तेथे तो शाखेतील प्रवेशाचा होता आणि येथे केवळ परिचयाचा आहे. समग्र शिक्षा योजनेखालील महाराष्ट्रातील शाळांत हे विषय शिकवणारे प्रशिक्षक बाह्य संस्थांमार्फत मुदतीच्या कराराने नेमले जातात. शाळेच्या भाषेच्या किंवा गणिताच्या शिक्षकाला असते तशी कायम नेमणूक त्यांना नाही. राज्याने व्यवसाय विषयांची पुढील फेररचना हाती घेताना नव्या पाठ्यक्रमाबरोबरच त्या विषयाच्या शिक्षकाचे कायम पद, कार्यशाळेच्या साधनांचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण आणि पदविका-पदवीकडे जाणारी स्पष्ट वाट या तीन गोष्टी एकाच शासननिर्णयात मंजूर कराव्यात.