ढाल परकी, सूर्य जुना

उदयपूरच्या राजचिन्हाकडे पाहू. ढालीच्या एका बाजूला राजपूत, दुसऱ्या बाजूला भिल्ल, वर सूर्य. वाटतं, हे राणा प्रतापाच्या काळापासूनचंच. पण चित्राचं वय आणि त्यातल्या चिन्हांचं वय आपण वेगवेगळं मोजायला हवं. ढालीची मांडणी युरोपातली. १ जानेवारी १८७७ ला लिटनने दिल्लीत दरबार भरवला आणि संस्थानिकांना मोठमोठी निशाणं दिली. चांगलीच जड होती म्हणे! त्यांवरची चिन्हं बेतली रॉबर्ट टेलर या बंगालच्या मुलकी अधिकाऱ्याने. आशय मात्र त्याने इथलाच उचलला. सूर्य आला सूर्यवंशाच्या दाव्यातून. भिल्ल आला तो हळदीघाटीच्या (१५७६) आठवणीतून, आणि राज्याभिषेकात राण्याला टिळा लावायचा मान भिल्ल सरदाराचा होता, त्यातूनही.

आपल्याकडे आता कुणी कुणी सिंह-ढालीचं 'कुळचिन्ह' आडनावाप्रमाणे करून देतात. ती हौस झाली. मराठा घराण्यांचं जुनं चिन्ह म्हणजे देवक: कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोरपीस. ते ढालीवर कधी नव्हतंच. ते लग्नाच्या मांडवात बसवायचे, आणि देवक एक निघालं की सोयरीक तिथेच थांबायची.