दहावीच्या वर्गाची भिंत आणि कागलचा इतिहास

जून उजाडला की शाळाशाळांत वर्गसजावट सुरू होते. लहानग्यांच्या 'बोलक्या भिंती' आपल्या ओळखीच्या: मुळाक्षरं, पाढे, फळं-फुलं. पण नववी-दहावीच्या वर्गात काय लावायचं? बहुतेक ठिकाणी शाहू महाराजांची तसबीर, जयंतीला हार, की झालं.

कागलात तरी एवढ्यावर भागू नये असं मला वाटतं. महाराज इथल्याच घाटगे घराण्यातले, जन्म २६ जून १८७४ चा. तसबिरीला आपण हात जोडतो. मोठ्या पोरांना मात्र प्रश्न पडले पाहिजेत. म्हणून मी तिच्याखाली कालरेषा लावीन.

१८८४: कागलचे यशवंतराव दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू झाले.
१९१७: प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड.
१९१९: अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळ्यांची शाळा एक.
१९२०: माणगाव परिषद. गाव कागल जहागिरीतलं, अध्यक्ष डॉ. आंबेडकर.

शेजारच्या फळीवर आनंद यादवांचं 'झोंबी' ठेवा. यादव १९३५ साली कागलातच जन्मले. सक्तीचा निर्णय होऊन कैक वर्षं उलटली होती, तरी शाळेसाठी त्यांना घरच्यांशी झगडावं लागलं. हुकूम निघाला म्हणून शेतातलं काम थोडंच थांबतं?

कालरेषेच्या टोकाला एक कोरा कागद चिकटवा. त्यावर एवढंच लिहा: 'आपल्या वर्गातून यंदा कोण गळालं, आणि का?' उत्तर पोरांनाच लिहू दे.

भेटू पुढच्या भागात.