धूर की धूळ?

जानेवारी १९२४. पहाटेच्या गारठ्यात तुम्ही अमळनेर स्टेशनावर उतरता. इंजिनाच्या कोळशाची कणी अजून डोळ्यात खुपते आहे. बाहेर टांगेवाला विचारतो, "कथा जानं शे?"

"तत्त्वज्ञान मंदिर."

पत्ता न विचारता तो घोड्याला टिचकारतो. कपाशीच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत टांगा गावात शिरतो. गिरणीचा भोंगा होतो. प्रताप शेठजींच्या त्या गिरणीचं धुराडं कुठूनही दिसतं. सुतावर पैसा मिळवलेल्या ह्याच शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ही संस्था काढली आणि देशभरातून शिकणारे इथे बोलावले. नावात मंदिर असलं, तरी इथे माणसं येतात ती वाद करायला.

तुम्ही मागच्या बाजूला बसता. पुढे शांकरभाष्य उघडलेलं आहे. शेजारी पंचविशीच्या आतला एक कोकणातला तरुण बसलाय. पांडुरंग सदाशिव साने. त्याला अजून कुणी गुरुजी म्हणत नाही.

पहिल्याच तासाला तुमची फजिती होते. सांख्यांचं म्हणणं काय, असं विचारल्यावर तुम्ही उत्साहानं उठता आणि ते कसं चुकीचं आहे हे सांगू लागता. शिकवणारे हात वर करून थांबवतात. आधी पूर्वपक्ष मांडा. सांख्य इथे बसलेला असेल आणि तुमचं ऐकून "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हणेल, इतका नीट मांडा. खंडन त्यानंतर.

तुम्हाला ते जमत नाही. जे तुम्ही सांख्यांचं म्हणून सांगता, ते तुम्हाला खोडायला सोपं जावं म्हणून तुम्हीच बनवलेलं बुजगावणं निघतं. लाज वाटते, पण कॉलेजात इतकी वर्षं काढून जे कळलं नव्हतं ते इथे पहिल्या तासात कळतं. विरोधकाचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीनं मांडता आलं नाही, तर आपण भांडत असतो ते आपल्याच सावलीशी.

दुपारी ओसरीवर न्यायशास्त्राचा विषय निघतो. वादाला तीन नावं आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं पाडत राहणं म्हणजे वितंडा. लहानपणी आजी "वितंडवाद घालू नकोस" म्हणून दटावायची. ती न्यायशास्त्रातला शब्द अचूक वापरत होती, हे आज कळतं.

एक सहाध्यायी गिरणीच्या धुराड्याकडे बोट दाखवतो. "तिथे आग आहे. कशावरून?"

"धूर दिसतोय."

"धूर असला की आग असतेच? उदाहरण?"

"स्वयंपाकघर. चूल पेटली की धूर."

"मग आग असली की धूर असतोच?"

तुम्ही हो म्हणता आणि अडकता. लोहाराच्या भट्टीतला लालभडक गोळा डोळ्यांपुढे येतो. आग आहे, धूर नाही. धूर यायला जळण ओलं लागतं. ही अट तुम्ही गृहीत धरली होती, पाहिली नव्हती. न्यायशास्त्रात तिला उपाधी म्हणतात. तो पुढे विचारतो, "आणि दूर दिसतंय ते धूरच आहे, वावटळीची धूळ नाही, हे कुणी पाहिलं?" हेतूच, म्हणजे ज्या खुणेवरून निष्कर्ष काढला तीच, खात्रीची नसेल, तर त्यावर उभारलेलं अनुमान कितीही रेखीव असो, ते कोसळणारच.

संध्याकाळी साने गप्प असतात. ह्या चर्चेत त्यांचं मन फार रमणार नाही, हे तुम्हाला पुढच्या काळातून आल्यामुळे ठाऊक आहे. जूनपर्यंत ते इथून उठून गावातल्या हायस्कुलात मुलांना शिकवायला जातील, वसतिगृह सांभाळतील. धुराड्याखाली राबणारी माणसं आणि भाष्यातला ब्रह्मविचार ह्यांच्यामधलं अंतर त्यांना सलत असावं. ह्या आक्षेपाला तुमच्याजवळ उत्तर नाही. म्हणून तो पूर्वपक्ष तुम्ही जवळ ठेवता आणि पुढे निघता.

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याचा तुरुंग. सविनय कायदेभंगातले कैदी जमिनीवर बसले आहेत. समोर विनोबा. आज गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलणार, मग दर रविवारी एक अध्याय, १९ जूनपर्यंत. खानदेशचा उन्हाळा भिंतींतून आत येईल आणि अठरा रविवार पुरे होतील.

तुमच्या शेजारी पुन्हा तोच माणूस आहे. आता ते साने गुरुजी झाले आहेत. १९३० साली नोकरी सोडून ते चळवळीत उतरले. हातातली लेखणी थांबत नाही. विनोबा बोलतात त्या वेगानं ते उतरवून घेतात. आज आपण 'गीता प्रवचने' म्हणून वाचतो ती ह्या लेखणीमुळे उरली.

तुमच्यातला शहाणा कुरकुरतो. दुसऱ्याचं नुसतं टिपून घेण्यात चिकित्सा कसली? मग तुम्हाला अमळनेरातला पहिला तास आठवतो. समोरचा बोलला तेच लिहायचं, आपल्याला आवडेल ते नव्हे. पूर्वपक्षाची शिस्त ती हीच. आणि जी टिपली जाते आहे, ती गीतासुद्धा एका शंकेनं उभी राहते. अर्जुन प्रश्न विचारत राहतो. शेवटी कृष्ण त्याला सांगतो की सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. अठरा अध्याय ऐकवून निर्णय ऐकणाऱ्यावर सोडणारा शिक्षक विरळा.

१९३३. पुन्हा अमळनेर. मंदिरातल्या तिघांचं एक इंग्रजी पुस्तक ह्याच वर्षीचं आहे, 'अज्ञान'. लेखक जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती. विषय एक, लेखक तीन, आणि प्रत्येकाची मांडणी स्वतंत्र. एकाच छपराखाली राहून मतभेद पुस्तकात छापायला मोठं मन लागतं.

अद्वैतातला हा प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही. अज्ञान म्हणजे ज्ञान नसणं, एवढंच का? अद्वैती म्हणतात, तेवढं नाही. अंधारात दोरीवर साप दिसतो तेव्हा डोकं रिकामं नसतं. साप असतो, त्याची भीती असते, पळायची घाई असते. न कळणाऱ्याला सांगता येतं. चुकीचं पक्कं कळलेल्याला काय सांगणार? आधी त्याच्या डोक्यातला साप बाहेर काढावा लागतो.

ह्याच वर्षी कृष्णचंद्र भट्टाचार्य संस्थेचे संचालक म्हणून आले आहेत. 'विचारांतील स्वराज्य' ह्या त्यांच्या व्याख्यानाचा मुद्दा असा: राजकीय गुलामी टोचते, पण विचारांची गुलामी टोचतही नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. परकी कल्पना तपासल्याशिवाय घेऊ नये, तशी ती परकी म्हणून झिडकारूही नये. कोकणातल्या त्या तरुणाचा जपून ठेवलेला आक्षेप तुम्ही आता काढून पाहता. तो पूर्ण मिटत नाही, पण निम्मा सुटतो. टोच न जाणवणारी गुलामी उघडी पाडायला हा वाद लागतोच. ती मोडायला मात्र ओसरीवरून उठावं लागतं.

आता परत. तुम्ही आज अमळनेरहून धुळ्याला निघालेल्या एसटीत आहात. शेजारची मुलगी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी आहे. प्राध्यापकांनी तिला दोन निष्कर्ष दिलेत. इंग्लंडमधल्या ४८ प्राथमिक शाळांत मुलांनी तत्त्वज्ञानाच्या चर्चा केल्या, तेव्हा वाचन आणि गणितात ती सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेल्याचं २०१५ च्या अहवालात आलं. पुढे सुमारे दोनशे शाळांत तेच करून पाहिलं, तर वाचनात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही.

"मग कोणतं खरं?" तुम्ही विचारता.

"आधी दोन्हींनी मोजलं काय ते बघते," ती वही काढत म्हणते. "वाचनाचे गुण मोजले असतील. समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय लागली का, ते ह्या गुणांत कुठे दिसणार? पण सोयीचा निकाल घ्यायचा आणि गैरसोयीचा सोडायचा, हेही चालणार नाही. तो जल्प होईल."

पुढच्या बाकावरचे काका एकदम उठतात. "ते बघा, पेटलंय तिकडे! मोबाईलवर सकाळपासून येतंय, दंगल झालीय म्हणे." सगळी बस खिडक्यांकडे वळते. क्षितिजावर करड्या रंगाचा लोट उठलेला असतो. दोघातिघांचे फोन फोटो काढायला वर होतात.

"काका, कुणी पाठवलं ते?" ती विचारते. तिच्या आवाजात टोमणा नसतो. "काय लिहिलंय, जरा पूर्ण वाचून दाखवता का?"

काका चष्मा शोधतात. बस वळण घेते. कुणी शेतात पऱ्हाट्या पेटवल्या असतील, की वावटळ असेल, अजून नीट कळत नाही. तुम्ही काच सरकवून बाहेर बघत राहता.