पलटण कोणती?

कोकणात, देशावर, बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत अशी अनेक घरे आहेत, जिथे पणजोबांची सारी लष्करी कारकीर्द एका वाक्यात संपते: ‘ते बसऱ्याला गेले होते.’ काही घरांत त्याला आणखी तीन शब्दांची जोड असते, ‘परत आले नाहीत.’ पुढचे कोणी विचारलेले नसते, आणि सांगणारेही आता उरलेले नाहीत.

अशा घरातला एखादा नातू किंवा पणतू शोधाला लागतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो नावाचा नव्हे. दफ्तरखाना असो, रेजिमेंटचे केंद्र असो की लष्करी इतिहासाचा अभ्यासक, सगळे एकच विचारतात, ‘पलटण कोणती?’ प्रश्न कोरडा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाला मिळालेला क्रमांक हा त्याच्या पलटणीपुरता होता, साऱ्या सैन्याचा नव्हता. २३४५ हा क्रमांक एकाच वेळी दहा पलटणींत दहा माणसांचा असू शकतो. नावाचेही तसेच. रामा, सखाराम, धोंडी या नावांची माणसे प्रत्येक कंपनीत दोन-चार तरी सापडणारच. क्रमांक, नाव आणि पलटण या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच कागदावरचा माणूस आपला ठरतो. घराला नाव आठवते, सरकारला क्रमांक आठवतो आणि दोघांना जोडणारा दुवा पलटण हाच असतो.

पलटणींच्या नावांचा गुंता मात्र आधी सोडवावा लागतो. १९०३ साली किचनेरने हिंदी सैन्याची नव्याने मांडणी केली, तेव्हा जुन्या मुंबई सैन्यातल्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात सरळ शंभर मिळवले गेले. तिसरी मुंबई १०३ झाली, पाचवी १०५, दहावी ११०, चौदावी ११४, सोळावी ११६, सतरावी ११७. या सहा मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात याच क्रमांकांनी लढल्या. मग १९२२ साली पुन्हा फेरमांडणी झाली आणि सहाही पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका रेजिमेंटखाली आल्या. १०३ ही तिची पहिली पलटण झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही शिक्षणाची दहावी पलटण. दुसऱ्या महायुद्धातल्या कागदांवर ३/५ असे दिसते, त्याचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच ३/५ चे. म्हणजे जुन्या हिशेबाने ११० चे, आणि त्याहून जुन्या हिशेबाने दहाव्या मुंबईचे. हीच पलटण स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. एका पलटणीची ही चार नावे आहेत, आणि पणजोबांचा कागद कोणत्या सालचा आहे त्यावर त्यातले कोणते सापडेल ते ठरते.

यातूनच घरगुती आठवणींत एक मजेशीर घोटाळा होतो. समजा घरात सांगतात, ‘आजोबा पाचवीत होते.’ ही पाचवी कोणती? १९०३ च्या आधीची पाचवी मुंबई? तिचेच शिपायांतले नाव ‘काली पांचवी’, जे क्रमांक बदलून १०५ झाल्यावरही टिकून राहिले? १९२२ नंतरची अख्खी पाचवी रेजिमेंट? की तिची पाचवी पलटण, म्हणजे पूर्वीची ११७? चार उत्तरे आणि चारही खरी असू शकतात. म्हणून भरतीचे साल कळल्याशिवाय या एका शब्दावर इमारत उभी करता येत नाही. उलट, घरात कोणी ‘जंगी पलटण’ म्हणत असेल तर ते सोन्यासारखे. ते १०३ चे नाव. असली टोपणनावे सरकारी कागदांवर क्वचितच दिसतात, शिपायांच्या तोंडी मात्र ती कायम असत आणि त्यांच्याबरोबर गावात येत. शोध घेणाऱ्याने म्हाताऱ्या माणसांशी बोलताना क्रमांक विचारण्यापेक्षा आधी ही नावे विचारावीत.

घरात वस्तू असतील तर सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे पदक. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या दर्शनी बाजूवर शोधाला उपयोगी असे काही नसते. जे असते ते कडेवर. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंग आणि तिरपा उजेड एवढे साहित्य पुरते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असल्याने अडीनडीला अनेक घरांतून ते मोडीत गेले. ते पितळी रंगाचे, म्हणजे ब्राँझचे असेल तर तोही एक पुरावाच. लढणाऱ्या शिपायाला चांदीचे पदक मिळे, आणि खेचरे हाकणारे, भारवाहू, मजूर अशा लोकांना ब्राँझचे. ‘लढाईवर होते’ असे घराने शंभर वर्षे सांगितलेला माणूस कधी कधी या कडेवर हमाल म्हणून भेटतो. त्यात कमीपणा काही नाही. पाणी आणि दारूगोळा त्यांच्याच पाठीवरून पुढे जात होता.

मेलेल्याच्या घरी आलेली ब्राँझची मोठी तबकडी मात्र फसवते. तिच्यावर नाव आहे, पण हुद्दा नाही आणि पलटणही नाही. मरणात सारे सारखे, हा त्यामागचा विचार होता. पण त्या समतेमुळेच ती तबकडी शोधाच्या कामी मुकी ठरते. अनेक गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या याहून मुक्या. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे, एकही नाव नाही.

मग नावे आहेत कुठे? पुष्कळांची समजूत अशी की ती सगळी दिल्लीच्या इंडिया गेटवर आहेत. १९३१ साली खुल्या झालेल्या त्या कमानीवर तेरा हजारांहून थोडी अधिक नावे आहेत, आणि ती मुख्यत्वे वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची. त्या महायुद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ७० हजारांच्या वर जाते. फ्रान्समध्ये मेलेल्या आणि कबर नसलेल्या साडेचार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावे न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर कोरलेली आहेत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या त्या आघाडीवर होत्या, तेव्हा त्यांच्या माणसांचा शोध तिथे घ्यावा. दर्यावर्दी घराण्यांतला माणूस असेल तर पलटणींच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ब्राँझचे फलक आहेत.

आणि बसरा? मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी बसऱ्याला १९२९ साली स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिशांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने नोंदले आहेत. त्याच साम्राज्याने फ्रान्समध्ये ज्या दर्जाच्या माणसाचे नाव दगडावर कोरले, त्याच दर्जाचा माणूस बसऱ्यात आकडा झाला. युरोपातल्या वाटसरूच्या नजरेला पडणारे स्मारक आणि वाळवंटाच्या कडेचे स्मारक यांत हा फरक का पडला, हे फारसे गूढ नाही. युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ सालच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. पण १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून शहरापासून दूर नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलेल्या त्या भिंतींवर आकडा आहे तसाच आहे.

सुदैवाने दगडावर नसलेली पुष्कळशी नावे याच आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत आणि आता ती घरबसल्या चाळता येतात. त्यांत अनेकदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. इथे स्पेलिंगची परीक्षा सुरू होते. साहेबाच्या कानाला जाधव कधी ‘जादो’ ऐकू आला, शिंदे ‘सिंदे’, पवार ‘पोवार’. गणपतचा ‘गणू’ होणे तर घरचेच. जिल्हेही तेव्हाचे लक्षात ठेवावे लागतात. महाड-माणगाव शोधायचे तर कुलाबा, आजच्या सिंधुदुर्गातली कित्येक गावे रत्नागिरीत, सांगलीकडची काही साताऱ्यात. सावंतवाडी, भोर, जंजिरा, कोल्हापूर ही संस्थाने निराळी. माणूस संस्थानाच्या स्वतःच्या फौजेत असेल तर वाट आणखी बदलते. ग्वाल्हेरची फौज पूर्व आफ्रिकेत लढली. तिथल्या मराठी घराण्यांचे कागद बेळगावात मिळणार नाहीत.

पलटण सापडली की नवा प्रश्न उभा राहतो: कोणत्या वेळची पलटण? १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे हटत त्या कुत-अल-अमारा गावात शिरल्या आणि ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ अशा वेढ्यात अडकल्या. पीठ कमी होत गेले, भाजी नव्हती, दात-हिरड्या सुजल्या, शेवटी घोड्यांचे मांस शिजले. धर्म बुडेल, गावी जातीबाहेर टाकतील, या भीतीने अनेक हिंदी शिपायांनी ते बरेच दिवस नाकारले. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. पुढे वाळवंटातून पायपीट झाली आणि अनेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. पण याच तीन क्रमांकांच्या पलटणी नव्या भरतीतून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. त्यामुळे १०३ चा एक शिपाई वेढ्यात उपाशी मेलेला असू शकतो आणि त्याच १०३ चा दुसरा कुतचे तोंडही न पाहता १९१९ ला घरी परतलेला असू शकतो. भरतीची तारीख आणि मृत्यूची तारीख जुळवल्याशिवाय कोणाच्याही पणजोबांना कुतच्या वेढ्यात नेऊन बसवू नये.

आणि काही घरांना एवढाही मार्ग नाही. महारांची सैन्यभरती १८९२ नंतर बंद झाली. जुन्या मुंबई पायदळात पिढ्यान्पिढ्या नोकरी केलेल्या या समाजाला युद्धाची माणसांची भूक वाढल्यावर १९१७ साली पुन्हा बोलावले गेले आणि ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. १९२१ पर्यंत ती बरखास्तही झाली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात निराळी स्थापन झाली. १०३ ला वारस आहे, तिचा दिवस साजरा करणारे आहेत, तिचे सामान जपणारे आहेत. चार वर्षे जगलेल्या १११ च्या शिपायाची आठवण ठेवणारे त्याच्या घराखेरीज कोणीच नाही. पलटण कोणती, हा प्रश्न म्हणूनच सर्वांना सारखा सोपा नाही.

पलटण आणि तारीख हाती आली की लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली त्या पलटणीची वॉर डायरी उघडता येते. तिथे कोणाही पणतूची थोडी निराशा होते. डायरीत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे असतात, शिपाई ‘इतके मृत, इतके जखमी’ एवढेच. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सेन्सॉरने उतरवून घेतलेली शिपायांची पत्रे आहेत, त्यांत मराठी पत्रेही आहेत. पण बहुतेकांचे इंग्रजी तर्जुमेच उरले. ज्या भाषेत त्याने आईला लिहिले ती भाषाच त्या पत्रातून गळून पडली आहे.

तरीही डायरीचे ते पान वाचावे. त्या दिवशी पाऊस होता का, नदी किती चढली होती, कूच किती मैलांची झाली, पाणी कुठे मिळाले, हे सारे त्यात असते, आणि त्या चिखलातून आपला माणूस चालला होता. ‘बसऱ्याला गेले होते’ या वाक्याला मग एक नदी मिळते, एक महिना मिळतो, बरोबरची माणसे मिळतात. अनेक घरांना आत्ता याहून साधे काम करायचे आहे. पेटीतले पदक, पेन्शनीचे पुस्तक, एखादा जीर्ण दाखला बाहेर काढून कडेवरची अक्षरे वहीत उतरवायची, आणि त्यांच्यापुढे त्याचे पूर्ण नाव, बापाचे नाव आणि गाव मराठीत लिहून ठेवायचे.