आणखी एक हंगाम

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास सव्वाशे वर्षांहून मोठा आहे, पण पडत्या संघाच्या प्रशिक्षकाला आणखी किती वेळ द्यायचा हा प्रेक्षकांमधला वाद तिथे अलीकडचा आहे. 1891 मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला तेव्हा मैदानावर ब्रिटिश पलटणींचे संघ होते. पुढे हैदराबाद-कोलकात्याचे क्लब आले आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावरची गर्दी वाढली. गर्दीचा जीव मात्र खेळाडूंवर होता. प्रशिक्षकाचे नाव फार थोड्यांना ठाऊक असे.

याचे कारण स्पर्धेच्या रचनेत होते. रोव्हर्सची स्पर्धा काही आठवड्यांत आटोपे आणि संघ हरला की बिछाना गुंडाळून घरी जाई. घसरण मोजायला गुणतालिका लागते, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत ती फार काळ समोर नसते. मुंबईच्या स्थानिक हार्वुड लीगमध्ये तालिका होती, पण तिथले बरेच नामवंत संघ कंपन्यांचे, बँकांचे आणि सरकारी खात्यांचे होते. खेळाडू नोकरीला आणि प्रशिक्षकही बहुधा त्याच आस्थापनेतला. त्याने उत्तर द्यायचे ते क्रीडा विभागाच्या साहेबाला. प्रेक्षकाने हळहळावे, हसावे, चहा प्यावा आणि लोकल पकडावी, एवढाच त्याचा अधिकार.

त्या काळातला धीराचा सर्वांत ठळक दाखला सैयद अब्दुल रहीम यांचा. पेशाने शिक्षक असलेल्या रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक नेला, त्यामुळे कूपरेजला हा माणूस परका नव्हता. याच काळात ते भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. 1951 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला. आजच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी राजीनामा मागितला गेला असता. रहीम यांच्याकडे संघ पुन्हा सोपवला गेला. 1956 मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला, तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आणि 1962 मध्ये जकार्तात रहीम यांच्याच हाताखाली पुन्हा सुवर्ण आले. हा धीर लोकांनी दाखवला असे मात्र म्हणता येत नाही. निर्णय महासंघाचा होता, आणि हेलसिंकीचा सामना भारतात कुणी पाहिलेलाच नव्हता. न पाहिलेल्या पराभवाचा राग फार काळ टिकत नाही.

1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि महिनोन्‌महिने चालणारी तालिका देशपातळीवर आली. मुंबईत तिचा सर्वाधिक लाभ महिंद्रा युनायटेडने उठवला. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने 2005-06 ची लीग जिंकली. चार वर्षांनी, 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. प्रशिक्षकाला वेळ द्यावा की नाही, हा प्रश्न असाही निकालात निघू शकतो.

गोव्यात चित्र वेगळे होते. धेंपो क्लबने 2000 मध्ये आर्मांदो कुलासो यांच्याकडे संघ दिला तेव्हा क्लबच्या कपाटात राष्ट्रीय लीगचा चषक नव्हता. गोव्यात तो पहिल्यांदा आणण्याचा मान 1998-99 मध्येच साळगावकर क्लबने पटकावला होता. कुलासोंना पहिले विजेतेपद मिळाले 2004-05 मध्ये, म्हणजे तब्बल पाचव्या वर्षी. त्या हंगामावर मृत्यूची सावली होती. 5 डिसेंबर 2004 रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिली आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करता करता गोलरक्षकाशी आदळला आणि त्यातच गेला. संघाने तो चषक जिंकला आणि नंतर लीगही. त्यानंतर 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी आणखी चार विजेतेपदे आली, 2008 मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी आली. कुलासो 2013 पर्यंत राहिले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये एका माणसाच्या हाती इतका काळ संघ राहिल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पहिली चार वर्षे रिकामी गेली तेव्हा मालकांनी घाई केली असती तर पुढची पाच विजेतेपदे कुणाच्या नावावर लागली असती, हे सांगता येत नाही. धेंपोचे नाव घेतले की पडत्या प्रशिक्षकाची बाजू घेणाऱ्याला आयता दाखला मिळतो, तो यामुळेच.

कोल्हापूरचा न्याय या दोन्हींपेक्षा निराळा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियममध्ये उतरतात तेव्हा पेठच उतरलेली असते. तिथे निष्ठा जन्माने ठरते आणि हरलेल्या संघाचा हिशेब दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी चालतो.

मुंबईच्या प्रेक्षकाला असा आपला म्हणावा संघ मिळाला तो 2014 मध्ये. इंडियन सुपर लीगचा पहिला सामना 12 ऑक्टोबर 2014 रोजी कोलकात्यात झाला आणि मुंबई सिटी एफसी तो 3-0 ने हरली. मैदानापासून लांबच्या प्रेक्षकाचे उदाहरणही इथेच सापडते. त्याआधी अडीच महिने, 1 ऑगस्टला, ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला होता. म्हणजे डहाणू आणि तलासरी तालुक्यांचा जिल्हा आणि त्यांना सर्वांत जवळचा व्यावसायिक फुटबॉल संघ हे जवळपास एकाच वयाचे. जवळचा हा शब्दही बेताने वापरावा लागतो. पहिली दोन वर्षे संघ नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला, 2016 पासून अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात आला. तिथे फार तर सात-आठ हजार माणसे बसतात. डहाणू रोडहून अंधेरी शंभरेक किलोमीटर. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी लोकल 2013 मध्येच सुरू झाली. तलासरी तर रेल्वेपासून बाजूला, अहमदाबाद महामार्गावर. साडेसातला सुरू होणारा सामना संपायला साडेनऊ होतात आणि परतीची गाडी डोळ्यांसमोर नाचू लागते. इतक्या लांबच्या प्रेक्षकाला संघ भेटतो तो मुख्यतः पडद्यावर.

अंतराचा आणि धीराचा संबंध इथे येतो. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारखा पाठीराख्यांचा गट दर सामन्याला मैदानात असतो. चेंडू पायात नसताना बचावफळी कुठे सरकते, नवखा मुलगा पंधरा मिनिटांत किती धावला, हे त्याला दिसते. कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, त्यामुळे घरी बसलेल्याला चूक आणि गोल तेवढे ठळक दिसतात. संघ नव्याने बांधला जात असतो तेव्हा बरेचसे काम चेंडूपासून दूर चाललेले असते. दूरचा प्रेक्षक उतावीळ दिसतो याचे कारण त्याच्या स्वभावात कमी आणि त्याला मिळणाऱ्या चित्रात अधिक शोधावे लागते.

लीगच्या पहिल्या वर्षांत तर धीराला जागाच नव्हती. साखळीत चौदा सामने, सारा खेळ ऑक्टोबर ते डिसेंबर उरकायचा, आणि खेळाडूंचे करार बहुतेक तेवढ्याच मुदतीचे. 2014 मध्ये पीटर रीड यांचा संघ आठांत सातवा आला. 2015 मध्ये निकोला अनेल्का खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता. संघ सहावा आला आणि गोव्यात 7-0 ने चिरडला गेला. 2016 मध्ये कोस्टारिकाचे अलेक्झांद्रे गिमाराईस आले, दिएगो फोर्लान कर्णधार झाला आणि मुंबई तालिकेत पहिली आली. उपांत्य फेरीत हार झाली, तरी मालकांनी गिमाराईस यांना ठेवले. 2017-18 पासून लीग लांबली, सामने अठरा झाले. ज्या प्रशिक्षकावर पहिल्यांदाच विश्वास दाखवला त्याचा संघ सातव्या क्रमांकावर घसरला. सबुरीच्या पक्षाला पहिलाच दाखला उलटा मिळाला.

त्यानंतरची दोन वर्षे या वादाची खरी वर्षे. ऑगस्ट 2018 मध्ये पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा आले. 2004 मध्ये पोर्तोचा कर्णधार म्हणून त्यांनी चॅम्पियन्स लीगचा चषक उचललेला होता, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. पहिला सामना गेला, ऑक्टोबरात गोव्याने 5-0 ने धुतले आणि अंधेरीत नाराजी सुरू झाली. मग संघ अचानक सावरला. डिसेंबरात केरला ब्लास्टर्सवर 6-1 असा विजय मिळाला, त्यात मोदू सूगूने एकट्याने चार गोल केले. मुंबई तिसरी आली. उपांत्य फेरीत पुन्हा गोवाच समोर. घरच्या मैदानावर 1-5 अशी नामुष्की, परतीच्या सामन्यात 1-0 असा विजय.

हा हंगाम यश म्हणून वाचायचा की अपयश म्हणून, यावर एकमत होणे शक्य नव्हते. एका बाजूचे म्हणणे असे, की सातव्यावरून तिसऱ्यावर येणे ही बांधणीच आहे, आणखी एक हंगाम द्या. दुसरी बाजू विचारी, की एकाच प्रतिस्पर्ध्याकडून दोनदा पाच-पाच गोल खाल्ले तर बांधले काय? पहिल्या बाजूकडे आलेख होता, दुसरीकडे आठवण होती, आणि फुटबॉलमध्ये आठवण आलेखाला सहसा हरवते. कोस्टांना दुसरा हंगाम मिळाला. फेब्रुवारी 2020 मध्ये अंधेरीत चेन्नईयिनकडून 1-0 ने हार झाली आणि मुंबई पाचवी राहून बाद फेरीबाहेर गेली. चेन्नईयिनने त्याच हंगामात, डिसेंबरात, अर्ध्या वाटेवर प्रशिक्षक बदलून ओवेन कॉयल यांना आणले होते. म्हणजे धीर धरणाऱ्या संघाला घाई करणाऱ्याने बाहेर काढले. मार्चमध्ये कोस्टा गेले.

गोव्याचे उलटसुलट त्याहून बोलके. एफसी गोवाने झिको यांना तीन हंगाम दिले: पहिल्यात उपांत्य फेरी, दुसऱ्यात घरच्या फातोर्डावर अंतिम सामना, तिसऱ्यात तळाचा क्रमांक. 2017 मध्ये सर्जियो लोबेरा आले. 2018-19 ची अंतिम फेरी आणि 2019 चा सुपर कप त्यांनी मिळवून दिला. 31 जानेवारी 2020 रोजी, संघ तालिकेत सर्वांत वर असताना आणि साखळीचे तीनच सामने उरले असताना, क्लबने त्यांना काढले. क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले तिन्ही सामने जिंकून दिले, त्यात मुंबईविरुद्धचा 5-2 असा विजयही होता. साखळीत पहिला येऊन गोव्याने पहिलीच लीग विनर्स शील्ड घेतली. घाई फळली असे वाटले.

लोबेरा मात्र गोव्यातून मुंबईत आले. नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला 65 टक्के हिस्सा घेतला होता, पैसा आणि मुदत दोन्ही वाढली होती. लोबेरांपाठोपाठ मुर्तदा फॉल, अहमद जहू, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई हे गोव्याचेच खेळाडू आले. म्हणजे संघ बांधलेलाच आणला गेला, नांगरणीचे कष्ट दुसऱ्याच्या शेतात झाले होते. 2020-21 चा पहिला सामना नॉर्थईस्टविरुद्ध 0-1 ने गेला, पण अखेरीस शील्ड आली आणि 13 मार्च 2021 रोजी बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलाने चषकही आला.

हा सारा हंगाम कोविडमुळे गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळला गेला. मुंबईने आपला सर्वांत मोठा पराक्रम आपल्या एकाही प्रेक्षकासमोर केला नाही. त्या वर्षी कुलाब्याचा पाठीराखा आणि तलासरीचा पाठीराखा मैदानापासून सारखेच लांब होते. पहिल्या पराभवानंतर मैदानात हुर्यो उडवायला कुणी नव्हते, याचा लोबेरांना फायदा झाला असेल काय, हा प्रश्न निरर्थक म्हणून सोडून देता येत नाही.

2021 च्या ऑक्टोबरात लोबेरा गेले आणि सिटी फुटबॉल ग्रुपच्याच मेलबर्न सिटीतून डेस बकिंगहॅम आले. दुहेरी विजेता संघ पाचवा आला. कोस्टांच्या दुसऱ्या हंगामाइतकाच क्रमांक, आणि घसरण त्याहून मोठी. तरी बकिंगहॅम राहिले. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबवर 2-1 अशी मात करून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबई सिटी ठरला आणि गटात दुसरा आला. 2022-23 मध्ये वीसपैकी चौदा सामने जिंकून, ओळीने अठरा सामने अपराजित राहून संघाने 46 गुणांसह शील्ड घेतली. कोस्टांना जो पाचवा क्रमांक भोवला तो बकिंगहॅम यांना का भोवला नाही, याचे उत्तर मालकीत आहे. जगभर क्लब चालवणाऱ्या गटासाठी खेळण्याची एक ठरलेली पद्धत महत्त्वाची असते. प्रशिक्षक ती पद्धत पुढे नेत असेल तर एका हंगामाची तालिका त्याला घालवत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेले तेव्हा त्यांच्या जागी आलेले पेत्र क्रॅटकीही मेलबर्न सिटीतलेच. गाडीवान बदलला, चाकोरी तीच राहिली. मे 2024 मध्ये कोलकात्याला मोहन बागानचा 3-1 असा पराभव करून क्रॅटकींनी दुसरा चषक आणला.

पुढच्या हंगामात मुंबई सहावी आली आणि मार्च 2025 मध्ये बेंगळुरूत बाद फेरीचा सामना 0-5 ने हरली. 2018 च्या ऑक्टोबरातल्या त्याच आकड्यावर अंधेरीतली चर्चा पुन्हा सुरू झाली. क्रॅटकींना आणखी एक हंगाम मिळाला.