बारटेंडर व्हायचंय? नगर जिल्ह्यातून सुरुवात करणाऱ्यांनी आधी हे वाचा

श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरात १९३३ साली साखर कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी आज मॅन्शन हाउस ब्रँडीसाठी देशभर ओळखली जाते. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे, जिथे अण्णा हजारेंच्या पुढाकाराने दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. अशा जिल्ह्यात पोराने घरी 'बारटेंडर व्हायचंय' म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: "म्हणजे दारूच्या गुत्त्यावर बसणार का?"

उत्तर आहे, नाही. मग हे काम नेमकं काय असतं?

बारटेंडर काय करतो?

परमिट रूमच्या काउंटरवर पेग मोजून वेटरच्या ट्रेमध्ये ठेवला की काम संपतं. बारटेंडर ग्राहकाशी बोलतो, त्याची आवड ओळखतो, कॉकटेल-मॉकटेल बनवतो आणि बारचा स्टॉक सांभाळतो. बाटल्या हवेत फेकणं, म्हणजे फ्लेअर, हा यातला छोटासा भाग आहे.

खरी कसोटी हिशोबात लागते. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात. हात सैल सुटून दर वेळी ३५ मिली ओतलं तर २१च होतात. चार पेग गेले!

दुसरा हिशोब ग्राहकाच्या जिवाचा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १३ मिली. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ते ५२ मिली भरतं. म्हणजे 'बिअरच तर घेतली' म्हणणाऱ्याने चार पेग घेतलेले असतात. त्याला कधी थांबवायचं, हे बारटेंडरला कळायला हवं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, तर इतर दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. शंका आली तर ओळखपत्र मागायलाच हवं. बाटलीचं सील आणि माल कुठून आला हेही तपासावं. २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलमध्ये विषारी दारूने माणसं गेली, हे विसरून चालणार नाही.

मुलींना हे काम करता येतं का? हो. महिलांना बारमध्ये कामाला बंदी घालणारी पंजाब अबकारी कायद्यातली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द ठरवली. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत शतभी बसू यांनी बारटेंडर म्हणून नाव कमावलं आणि पुढे 'स्टर' ही प्रशिक्षण अकादमी काढली.

शिकायचं कुठे?

बारावीनंतर एनसीएचएम जेईई परीक्षा देऊन मुंबई किंवा गोव्याच्या आयएचएमसारख्या संस्थेत हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेता येते. पुण्यातही राज्य सरकारची हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे. दहावीनंतर फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसचे अल्पमुदतीचे कोर्स मिळतात. खासगी अकादमीत पैसे भरण्याआधी एकच विचारा: प्रत्यक्ष बारवर किती दिवस काम मिळणार?

कोर्स न करताही सुरुवात होते, ती बारबॅक म्हणून. बर्फ भरणं, लिंबं कापणं, ग्लास पुसणं. तिथून बारटेंडर, हेड बारटेंडर, बार मॅनेजर अशी वाट आहे. शिर्डीतल्या हॉटेलांत पाहुण्यांशी वागण्याची चांगली सवय होते, पण तो तीर्थक्षेत्राचा व्यवसाय आहे. कॉकटेल शिकायचं तर पुणे, मुंबई किंवा गोवा गाठावं लागतं.

क्रूझची नोकरी हवी असेल तर इंग्रजी, पासपोर्ट आणि एसटीसीडब्ल्यू सुरक्षा प्रशिक्षण लागतं. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, हे आधी बघा. नोकरी लावून देण्यासाठी तो पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

अडचणी कोणत्या?

रात्रीची ड्युटी आणि तासन्‌तास उभं राहणं. सण-थर्टीफर्स्टला लोक मजा करतात, तेव्हा तुमचं काम सर्वांत जास्त असतं. सुरुवातीचा पगार बेताचाच, टिपवर बरंच अवलंबून.

आणि दारू प्यावी लागते का? नाही. चव बघायला स्ट्रॉमधून दोन-चार थेंब पुरतात. समोर रोज बाटल्या असताना स्वतःला आवरता येत नसेल, तर मात्र हे क्षेत्र तुमच्यासाठी नाही. घरच्यांच्या मनातही खरी भीती हीच असते. त्यावर आधी स्वतःशी प्रामाणिक उत्तर शोधा, मग फॉर्म भरा.